सेंट लुशियाचा पोपट आणि वन विभागातली एक नोकरी

पर्यावरण शिक्षण आणि वन्यजीव संवर्धन या दोन क्षेत्रांच्या मधोमध नेमकी कसली नोकरी असते, हे समजून घ्यायचं असेल तर सेंट लुशियाचं प्रकरण मुळातून पाहावं. या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्यांना मी नेहमी हेच प्रकरण सुचवते. ते यशस्वी झालं हे एक कारण आहेच. पण त्यातली नोकरी आपल्या मनातल्या ‘आंतरराष्ट्रीय करिअर’च्या चित्राशी फारशी जुळत नाही, हे मला जास्त मोलाचं वाटतं.

क्रिकेटवाल्यांना हे बेट डॅरेन सॅमीमुळे माहीत आहे. कॅरिबियन समुद्रातलं, जेमतेम ६१६ चौरस किलोमीटरचं, मधोमध डोंगर आणि त्यावर पावसाळी जंगल. सत्तरच्या दशकात लोकवस्ती लाख-सव्वा लाखाच्या घरात होती. या जंगलात एक पोपट राहतो, जो जगात दुसरीकडे कुठेही नाही. शास्त्रीय नाव ॲमेझोना व्हर्सिकलर, लोकांच्या तोंडी ‘ज्याको’. निळं डोकं, हिरवं अंग, छातीवर लाल रंग. १९५० च्या सुमारास त्यांची संख्या हजाराच्या आसपास धरली जायची. सत्तरच्या दशकात ती शंभरावर आली असावी, असा अंदाज निघाला.

शंभर म्हणजे किती कमी, हे कळायला फार लांब जावं लागत नव्हतं. उत्तरेला शेजारीच मार्टिनिक बेट आहे. तिथल्या ॲमेझॉन पोपटाची आज फक्त जुन्या प्रवाशांनी लिहून ठेवलेली वर्णनं उरली आहेत. ग्वादलूपचंही तेच झालं.

संख्या घटण्याची कारणं एकमेकांत गुंतलेली होती. डोंगरउतारावरचं जंगल केळीच्या लागवडीखाली जात होतं, कारण ब्रिटनला जाणारी केळी हाच बेटाच्या पैशाचा मुख्य झरा होता. ज्याको घरटं करतो ते मोठ्या, जुन्या झाडांच्या ढोलीत. मादी एका वेळी साधारण दोनच अंडी घालते. म्हणजे जुनं झाड गेलं की पुढच्या कित्येक वर्षांच्या विणीची जागाच जाते. त्यात शिकार होती. काही मांसासाठी, काही पाळण्यासाठी. जिवंत पक्षी हवा असेल तर पंखाला छर्रा लागेल असा नेम धरायचा आणि खाली पडला की उचलायचा, अशी पद्धत होती. त्यातले किती पक्षी पिंजऱ्यापर्यंत पोचत असतील याची कल्पना करता येते. कायदा अगदीच नव्हता असं नाही. वसाहतीच्या काळातला एक होता, पण त्यातला दंड किरकोळ होता आणि तो ठोठावला जाण्याची भीती कोणालाच नव्हती.

या परिस्थितीत पॉल बटलर नावाचा एक ब्रिटिश विद्यार्थी बेटावर आला. लंडनच्या एका पॉलिटेक्निकची विद्यार्थी-मोहीम पोपटाचा अभ्यास करायला आली होती, तिच्यातला हा एक. काम संपल्यावर अशा मोहिमा सहसा अहवाल लिहितात आणि तो विद्यापीठाच्या कपाटात जातो. या अहवालाचं तसं झालं नाही. त्यात काय करता येईल याच्या सूचना होत्या आणि तो बेटाच्या वन विभागाचे प्रमुख गॅब्रिएल चार्ल्स यांच्यापर्यंत पोचला. चार्ल्सना सूचना पटल्या. त्यांनी बटलरला वन विभागात संवर्धन सल्लागार म्हणून बोलावून घेतलं. पदवी नुकतीच हातात पडलेली, पगार नावापुरता, आणि साहेब स्थानिक.

ही शेवटची गोष्ट बहुतेक लेखांत गाळली जाते. ‘एका तरुण इंग्रजाने पोपट वाचवला’ ही गोष्ट सांगायला सोपी पडते. पण कागदपत्रं कुठे पाठवायची, कोणत्या मंत्र्याला आधी भेटायचं, कोणत्या गावात वनरक्षकाचं ऐकतात आणि कोणत्या गावात त्याला हुसकावून लावतात, हे चार्ल्स आणि त्यांच्या माणसांना ठाऊक होतं. विभाग त्यांचा, अधिकार त्यांचा. बटलर त्या विभागाचा एक कर्मचारी होता. बाहेरून निधी घेऊन आलेली संस्था आणि तिचा प्रकल्प अधिकारी अशी ही मांडणी नव्हती. माझ्या मते पुढचं सगळं ज्यावर उभं राहिलं ते हेच.

सूचना तीन, आणि त्यांत शिक्षण नाही

आता सूचना बघा. पोपट मारण्या-पकडण्याची शिक्षा वाढवा. पोपटांसाठी जंगलाचा एक भाग राखीव करा. त्या राखीव भागाचा खर्च भागवायला वाटाड्याबरोबरच्या जंगलफेऱ्या सुरू करा आणि पर्यटकांकडून पैसे घ्या. बस, इतकंच. शाळा, भित्तिपत्रकं, गाणी यांतलं काहीही मूळ यादीत नाही.

शिक्षणाचा प्रश्न आला तो पुढच्या पायरीला. शिक्षा वाढवायची आणि जंगल राखीव करायचं तर कायदा बदलायला हवा. कायदा बदलायचा तर राजकारण्यांना तो लोकांना नकोसा होणार नाही याची खात्री हवी. आणि लोकांना तर हा पोपट आपल्याच बेटावर आहे, जगात दुसरीकडे नाही, याचाच पत्ता नव्हता. बरेचसे लोक किनाऱ्यावर राहणारे. पोपट डोंगरातल्या उंच झाडांच्या शेंड्यांवर. अनेकांनी तो आयुष्यात पाहिलाही नसेल.

म्हणजे लोकशिक्षणाला इथे एक ठरलेलं काम होतं: अमुक कायदा मांडला जाईल तेव्हा त्याच्या बाजूने बोलणारे लोक बेटभर असायला हवेत. ‘जनजागृती’ हा शब्द आपल्याकडे प्रस्तावांत इतका सैल वापरला जातो की जागृत झालेल्या माणसाने दुसऱ्या दिवशी करायचं काय, हे कोणी विचारतच नाही. इथे ते पहिल्यापासून स्पष्ट होतं. गोळी घालू नका, पिल्लू विकत घेऊ नका, कायद्याला विरोध करू नका.

योगायोग असा, की त्याच सुमारास, १९७७ च्या ऑक्टोबरमध्ये, आजच्या जॉर्जियातल्या तिबिलिसीला पर्यावरण शिक्षणावरची पहिली आंतरशासकीय परिषद भरली होती. तिथे उद्दिष्टांची जी मालिका ठरली ती आजही प्रत्येक अभ्यासक्रमात शिकवली जाते: जाणीव, ज्ञान, दृष्टिकोन, कौशल्यं, सहभाग. वाचताना वाटतं की माणूस या पायऱ्या ओळीने चढत जातो. सेंट लुशियात सुरुवात यांतल्या ज्ञानापासून झालीच नाही. पोपटाचं जीवशास्त्र, अन्नसाखळी, जंगलाचं पाणलोटातलं स्थान हे सगळं नंतर आलं. आधी आला अभिमान. हा पक्षी आपला आहे आणि आपण आपल्या वस्तू सांभाळणारी माणसं आहोत, एवढंच.

मोहीम

वर्षाचं अंदाजपत्रक काहीशे डॉलरचं. त्यामुळे जे करायचं ते दुसऱ्याच्या पैशाने, दुसऱ्याच्या यंत्रावर, दुसऱ्याच्या वेळात. हॉटेलांकडून गाड्यांवर लावायची स्टिकर छापून घेतली. स्थानिक वाद्यवृंदाला पोपटावरचं गाणं करायला लावलं. टी-शर्ट निघाले. बाहुल्यांचे खेळ झाले. स्वयंसेवक पोपटाचा पोशाख चढवून शाळाशाळांतून फिरले. कॅरिबियनच्या उकाड्यात नखशिखान्त पिसांच्या पोशाखात मुलांसमोर नाचायचं, हे काम कुठल्याही नोकरीच्या जाहिरातीत लिहिलेलं नसतं.

चर्चचा भाग मला सगळ्यात हुशारीचा वाटतो. बेटावरची बहुसंख्य वस्ती कॅथलिक. धर्मगुरूंना विनंती केली गेली की सृष्टीची राखण माणसाकडे सोपवल्याची बायबलमधली वचनं प्रवचनात घ्या. पोपटाविषयी बोला असं नव्हे. तुम्ही जे बोलता त्यातच हे बसतं, एवढं दाखवून दिलं. वन खात्याच्या माणसाने गावात येऊन सांगणं आणि रविवारी स्वतःच्या पाद्रीबाबांनी सांगणं यात किती अंतर आहे, ते कोणालाही कळेल.

भाषेची बाजूही होती. बेटाची कारभाराची भाषा इंग्रजी, पण घरात आणि बाजारात क्वेयोल बोलली जाते, फ्रेंचवर बेतलेली. इंग्रजी पत्रक वाचणारा शिक्षक वेगळा आणि खांद्यावर बंदूक टाकून डोंगरात जाणारा माणूस वेगळा. अशा ठिकाणी गाणं आणि बाहुल्या हे पत्रकापेक्षा खूप पुढे जातात.

मग वेळ साधली गेली. २२ फेब्रुवारी १९७९ रोजी सेंट लुशिया स्वतंत्र झालं. नव्या देशाला झेंडा होता, राष्ट्रगीत होतं, आणि राष्ट्रीय चिन्हं ठरवली जात होती. त्याच वर्षी ज्याको राष्ट्रीय पक्षी घोषित झाला. योग्य वर्ष होतं हे नशीब. पण त्या वर्षी प्रस्ताव तयार होता आणि वन विभाग दारात उभा होता, हे नशीब नव्हे.

जुलै १९७९ मध्ये निवडणूक झाली आणि जॉन कॉम्प्टन यांचं सरकार पडलं. लेबर पक्ष सत्तेवर आला. अशा वेळी आधीच्या सरकारच्या काळातले उपक्रम गुंडाळले जातात, हा सगळीकडचा अनुभव. वन्यजीव संरक्षण कायदा मात्र १९८० मध्ये संमत झाला आणि शिक्षा कडक झाली. पोपट कोणत्याच पक्षाचा नव्हता, म्हणून तो सत्तांतरातून पार झाला, असं मला वाटतं. मोहिमेतल्या लोकांनी एखाद्या मंत्र्याचा फोटो स्टिकरवर टाकला असता तर चित्र वेगळं दिसलं असतं.

त्याच वर्षी, म्हणजे १९८० च्या ऑगस्टमध्ये, ॲलन चक्रीवादळाने बेटाला झोडपलं. केळीच्या बागा झोपल्या, जंगलाची मोठी हानी झाली. शंभराच्या आसपास असलेल्या जमातीला असं एक वादळ संपवू शकतं. म्हणूनच समांतर एक विमाही चालू होता. दुर्मिळ प्राणी-पक्ष्यांची पैदास करणाऱ्या जेरल्ड डरेल यांच्या जर्सी बेटावरच्या संस्थेत काही ज्याको नेऊन ठेवलेले होते. १९८२ मध्ये तिथे बंदिवासातलं पहिलं पिल्लू जन्मलं आणि १९८९ मध्ये तिथे जन्मलेली एक जोडी सेंट लुशियाला परत आली. संख्येच्या हिशेबात दोन पक्षी म्हणजे काहीच नाही. पण मोहिमेच्या हिशेबात परदेशातून मायदेशी परतणारी जोडी म्हणजे वर्तमानपत्राचं पहिलं पान.

आकडे, आणि त्यांवरचे प्रश्न

ऐंशीच्या दशकात संख्या वाढत गेली आणि दशक संपेपर्यंत ती तीनशेच्या आसपास धरली जाऊ लागली. २००९ च्या पाहणीनंतरचा अंदाज सुमारे दोन हजारांचा आहे. यातली काही वाढ मोजण्याच्या पद्धती सुधारल्याने दिसते, हे लक्षात ठेवायला हवं. डोंगराळ जंगलात उंच शेंड्यांवरचे पोपट मोजणं म्हणजे आवाज, उडण्याची दिशा आणि वेळ यांवरून केलेला हिशेब. १९७७ चा शंभर आणि २००९ चा दोन हजार हे एकाच तराजूत मोजलेले नाहीत. तरीही वाढ खरी आहे, याबद्दल कोणाचं दुमत नाही. धोक्यातल्या जातींच्या जागतिक लाल यादीत ही जात आजही ‘असुरक्षित’ गटात आहे. एका छोट्या बेटावर राहणाऱ्या जमातीला एखादं वादळ पुरेसं असतं, हे त्यामागचं एक कारण. ऑक्टोबर २०१० मध्ये टॉमस वादळाने याच डोंगरांवर दरडी कोसळवल्या.

यातलं शिक्षणामुळे किती झालं? अवघड प्रश्न आहे आणि या क्षेत्रात काम करणाऱ्याने तो स्वतःला विचारायलाच हवा. कायदा कडक झाला. वनरक्षक फिरू लागले. नव्वदच्या दशकात युरोपच्या बाजारातलं केळीचं संरक्षित स्थान डळमळलं, तेव्हा डोंगरउतारावर नवी लागवड करण्याची ओढही कमी झाली. हे सगळं एकाच काळात घडलं. मोहिमेची बाजू मांडताना मी इतकंच म्हणेन की कायद्याचा मार्ग तिने मोकळा केला आणि गावातल्या माणसाला शेजाऱ्याची बंदूक खटकू लागली. वनरक्षक आठवड्यातून एकदा येतो, शेजारी रोज असतो.

मोहीम यशस्वी होण्याचं आणखी एक कारण आहे, आणि ते गौरवलेखांत येत नाही. लोकांकडे जे मागितलं गेलं ते फार लहान होतं. पोपट मारणं सोडल्याने कोणाच्या घरची चूल विझणार नव्हती. तो चैनीचा, हौसेचा, फार तर वरकड शिकारीचा भाग होता. जिथे लोकांना जळण, मासे किंवा जमीन सोडायला सांगायची असते, तिथे अभिमानाचं गाणं गाऊन भागत नाही.

हे पुढच्या वर्षांत दिसून आलंच. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस बटलर रेअर या अमेरिकन संस्थेशी जोडला गेला आणि हाच साचा शेजारच्या सेंट व्हिन्सेंट आणि डॉमिनिका बेटांवर गेला. तिथेही स्वतःचे खास पोपट आहेत. डॉमिनिकाचा सिसेरू तर देशाच्या झेंड्यावर आहे. त्यापुढे ‘प्राइड’ या नावाने अशा मोहिमा पन्नासहून अधिक देशांत झाल्या. पोपट जाऊन त्याजागी प्रवाळ आलं, कासव आलं, पाणलोटाचं जंगल आलं. आणि तिथे जुना साचा तोकडा पडू लागला. मच्छीमाराला प्रवाळाचा अभिमान वाटतो, पण उद्या जाळं टाकलं नाही तर खायचं काय?

संस्थेने मग आपली मांडणी बदलली. ज्ञान आणि दृष्टिकोन यांच्या जोडीला माणसामाणसांतला संवाद आला, आणि चौथी गोष्ट आली अडथळे दूर करणं. हे चार जमले तर वर्तन बदलेल, वर्तन बदललं तर धोका घटेल, धोका घटला तर संवर्धनाचा परिणाम दिसेल, अशी ती साखळी. यातली चौथी गोष्ट बाकी तिघींपेक्षा महाग असते. उदाहरणार्थ, जळण वाचवणारी सुधारित चूल द्यायची तर ती कोण बनवणार, मोडली तर कोण दुरुस्त करणार, हे बघावं लागतं. तिथे शिक्षणाचा माणूस पुरत नाही. अर्थशास्त्र जाणणारा, गावात पतपुरवठा उभा करणारा माणूस लागतो. सेंट लुशियात या पायरीची गरज पडली नाही, म्हणून ते प्रकरण इतकं स्वच्छ दिसतं.

नोकरी म्हणून

या प्रकरणातून नोकरीबद्दल काय कळतं? रोजच्या कामाचा मोठा भाग म्हणजे छापखान्याच्या तारखा, हॉटेलमालकांच्या भेटी, मुख्याध्यापकांची पत्रं आणि सर्वेक्षणाचे कागद. शेवटच्या गोष्टीकडे दुर्लक्ष होतं, म्हणून थोडं सविस्तर. प्राइड पद्धतीत मोहिमेआधी लोकांना प्रश्न विचारले जातात आणि मोहिमेनंतर तेच प्रश्न पुन्हा विचारले जातात. बेटाचा राष्ट्रीय पक्षी कोणता? तो मारला तर शिक्षा होते का? तुम्ही या विषयावर कोणाशी बोललात का? वरवर बाळबोध वाटतात. पण पहिल्या फेरीतल्या उत्तरांवरूनच ठरतं की लोकांना माहिती नाही, की माहिती आहे पण पर्वा नाही, की पर्वाही आहे पण हात बांधलेले आहेत. तिन्ही आजार वेगळे आणि औषधंही. पहिली फेरी न घेता भित्तिपत्रकं छापणाऱ्या संस्था मी पुष्कळ पाहिल्या आहेत.

शिक्षण कोणतं घ्यावं हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. प्राणिशास्त्राची पदवी उपयोगी आहे, पण ती पुरेशी नाही. रेअरने स्थानिक मोहीम-प्रमुख तयार करण्यासाठी आधी ब्रिटनच्या केंट विद्यापीठाबरोबर पदविका चालवली आणि नंतर टेक्सास विद्यापीठाच्या एल पासो शाखेबरोबर संवादशास्त्रातली पदव्युत्तर पदवी. संवर्धनाच्या कामासाठी संवादशास्त्राची पदवी! यातूनच क्षेत्राची दिशा कळते. दुसरी दिशा अशी की या अभ्यासक्रमांत येणारे बहुतेक जण ज्या देशात मोहीम व्हायची त्याच देशातले होते आणि पदवीचं काम म्हणजे त्यांची स्वतःची मोहीम. परक्या देशात जाऊन पोपट वाचवणाऱ्या तरुणाची जागा आता आकुंचली आहे, आणि ते बरंच आहे. आंतरराष्ट्रीय काम करू पाहणाऱ्याला आज जागा मिळते ती प्रशिक्षक म्हणून, आकडे तपासणारा म्हणून, किंवा एका देशातल्या मोहिमेत काय बिघडलं ते दुसऱ्या देशातल्या लोकांपर्यंत नेणारा म्हणून.

आणि सुरुवात कशी करावी, तर बटलरच्या अहवालासारखी. जिथे अभ्यासाला गेलात तिथल्या वन खात्याला, पंचायतीला, मत्स्य विभागाला त्यांच्या उपयोगाचं चार पानी टिपण लिहून द्या. त्यात काय करता येईल, कोणत्या कलमाखाली, किती खर्चात, हे असू द्या. सगळ्यांना गॅब्रिएल चार्ल्स भेटतीलच असं नाही. पण प्रबंधाच्या दोनशे पानांपेक्षा ही चार पानं वाचली जाण्याची शक्यता जास्त.

सेंट लुशियात आज प्रश्न उलटा झाला आहे. पोपट वाढले, जंगलाच्या कडेच्या बागांत उतरू लागले आणि संत्र्या-लिंबांच्या जातीची फळं फोडू लागले. बागायतदार तक्रार करतात. शाळेत ज्याकोचं गाणं म्हटलेला मुलगा आता स्वतः बागायतदार असू शकतो, आणि राष्ट्रीय पक्षी आहे म्हणून त्याचं नुकसान कमी होत नाही. वन विभागाला आता हंगामाची नोंद ठेवावी लागेल, कोणत्या महिन्यात कोणत्या बागेत थवे येतात ते पाहावं लागेल, जाळ्यांचा खर्च कोणी उचलायचा आणि भरपाई द्यायची की नाही हे ठरवावं लागेल. या कामाला जो अधिकारी नेमला जाईल त्याच्या पदनामात ‘शिक्षण’ हा शब्द असेलच असं नाही.